उत्तर येईपर्यंत

सर्व्हरची गळती शुक्रवारच्या आत सापडली, तर इंद्रजित माळवदेच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: आठ दिवसांची सलग रजा, लॅपटॉपशिवायचं लग्न आणि बायको. नाही सापडली तर पहिल्या दोन गेल्याच, आणि तिसरीचंही काही खरं नाही, हे सांगायला ती स्वतःच सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसात आली.

केतकी सांगलीची, दातांची डॉक्टर. तिनं माझ्या टेबलावर पत्रिका ठेवली, वर चार अक्षता ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसली.

"शालनताई ना तुम्ही? हे फार बोलतात तुमच्याबद्दल."

"चांगलं की खरं?"

"म्हणजे ते वेगवेगळं आहे?" ती हसली आणि लगेच कामाचं बोलायला लागली. "शुक्रवारी मुहूर्त बारा बत्तीसचा आहे. आणि हे म्हणतात, रोज बारा ते एक त्यांना सर्व्हरपाशी असावं लागतं. मी म्हटलं, मग हारही त्यालाच घालते."

पलीकडच्या टेबलावरून इंद्रजितनं मान वर काढली. "अगं, वीस मिनिटांचं काम असतं. लॅपटॉप मांडीवर घेतला की झालं."

"मांडीवर? होमापुढं?"

"होमाच्या जरा बाजूला."

"ऐकलंत ताई?" ती माझ्याकडं वळली. "मुंडावळ्या आणि लॅपटॉप, यातलं एकच काय ते कपाळी येईल. लॅपटॉप मांडवात दिसला, तर मी अंतरपाटाच्या पलीकडंच थांबणार. भटजी मंगलाष्टकं म्हणून दमू देत."

आवाज अगदी गोड होता. दातांचे डॉक्टर 'थोडंसं टोचेल हं' म्हणतात ना, तसा. इंद्रजितच्या चेहऱ्यावरून मला कळलं की बाईसाहेब चेष्टा करत नाहीत.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आमची कंपनी तेव्हा राजारामपुरीत, चष्म्याच्या एका दुकानाच्या वर होती. मालक धरून सात माणसं. एका दूध संघाचं काम आमच्याकडं होतं. तीनशे बारा गावांत दूध गोळा करायची केंद्रं, प्रत्येक केंद्रावर दूध मोजायचं एक यंत्र. आमचा सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक यंत्राला विचारायचा, 'काही नवीन दूध?' यंत्र उत्तर द्यायचं. आता तीनशे बारा जणांना एकेक करून विचारत बसलं आणि प्रत्येकाच्या उत्तरासाठी थांबत बसलं, तर दूध नासेल. म्हणून सर्व्हर सगळ्यांना एकदम विचारून मोकळा व्हायचा आणि ज्याचं उत्तर जेव्हा येईल तेव्हा घ्यायचा. हे सगळं इंद्रजितनं लिहिलेलं, आणि खरं सांगायचं तर झकास लिहिलेलं.

पण दिवाळीनंतर सर्व्हर रोज पडायला लागला. त्याची मेमरी भरायची. मेमरी म्हणजे त्याचं काम करायचं टेबल समजा. काम झालं की कागद उचलायचा, टेबल मोकळं. इथं कुठला तरी कागद उचलला जात नव्हता, यालाच आमच्यात गळती म्हणतात. चोवीस तासांत टेबल असं भरायचं की सर्व्हर हातपाय गाळून बसायचा. मग इंद्रजित रोज दुपारी बारा ते एकच्या मध्ये, सकाळचं दूध आणि टँकरच्या नोंदी आटोपल्या की, अर्धवट नोंदी काढून घ्यायचा, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा आणि नोंदी परत भरायचा.

"एवढंच ना, मग दुसऱ्या कुणीतरी करावं," असं तुम्हाला वाटेल. आमचे मालक लाटकरसाहेब यांनाही तसंच वाटलं होतं. इंद्रजित साखरपुड्याला गेला, त्या दिवशी त्यांनी स्वतः बटन दाबलं. दोनशे माणसांचं सकाळचं दूध नाहीसं झालं आणि एका गावच्या उपसरपंचांच्या म्हशीनं कागदोपत्री एकशे सत्तर लिटर दूध दिलं. तीन दिवस फोन वाजत होता. त्यानंतर साहेबांनी फर्मान काढलं की इंद्रजितशिवाय कुणी हात लावायचा नाही.

केतकी गेल्यावर साहेब केबिनमधून बाहेर आले. ती असताना ते आत फाइल चाळत होते. मी बघितलं होतं, फाइल उलटी होती.

"इंद्रजित, माझंही जरा समजून घे," ते म्हणाले. "बुधवारी दुपारपासून गुरुवारी दुपारपर्यंत हा गडी न पडता उभा राहिला, तर आठ दिवस जा. फोनसुद्धा करणार नाही."

"आणि नाही राहिला तर?"

"तर लग्नाला आम्ही येतोच आहोत. तुझ्या मांडीवरचा लॅपटॉप मी धरीन."

साहेबांचा या पडझडीत थोडा फायदाही होता, हे मी मनात मांडून ठेवलं होतं. पूर्वी संघाचे चेअरमन त्यांना वर्षातून दोनदा फोन करायचे, आता रोज करत. आणि साहेब तो फोन मुद्दाम गॅलरीत जाऊन, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात घेत: "हां, बोला चेअरमन!" पण तेही आता कंटाळले होते. चेअरमन हल्ली फक्त शिव्या द्यायला फोन करत.

आता आमच्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी. ज्याच्या चुकीनं सर्व्हर पडेल त्याला आमच्याकडं कुणी रागवत नसे. त्याचा जाहीर सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ, टाळ्या. शाल एकच होती, साहेबांना कुठल्याशा व्याख्यानमालेत मिळालेली, जांभळी, जरीकाठाची. सत्कारमूर्तीनं उभं राहून आपण काय चूक केली ते भाषणात सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी स्वतःच्या हातानं काहीतरी करून आणायचं. याची नोंद एका वहीत असायची. सत्कारवही. ती माझ्याकडं.

माझ्याकडं असण्याचं कारण, मी तपासनीस. प्रोग्रामरांनी लिहिलेलं नीट चालतं का ते बघायचं आणि तक्रारी लिहायच्या. त्याआधी चौदा वर्षं पतसंस्थेत काउंटरवर होते, त्यामुळं वही म्हटली की माझे हात शिवशिवतात. सत्कारवहीत प्रत्येकाच्या नावाचं पान होतं. इंद्रजितचे सहा सत्कार, साहेबांचे दोन, म्हशीचा धरून. माझं पान सात वर्षं कोरं. ते मी कुणी आलं-गेलं की सहज उघडून दाखवायची.

"ताई, जो काही लिहीतच नाही त्याचं पान कोरंच राहणार की ओ," इंद्रजित म्हणायचा.

"मी तक्रारी लिहिते."

"त्यांनी सर्व्हर पडत नाही. आमचा फक्त जीव पडतो."

सोमवारचा सगळा दिवस आणि मंगळवारची सकाळ इंद्रजित पडद्याला नाक लावून बसला होता. आलेख काढत होता, पुसत होता. मंगळवारी दुपारी सर्व्हर उठवून झाल्यावर तो डबा न उघडता माझ्या टेबलापाशी आला.

"ताई, मला वाटतं चूक माझी नाहीच. मी बाहेरून जो तयार भाग आणून जोडलाय ना, विनंत्या पाठवायचा, त्यातच गळती असणार."

"असं का वाटतं?"

"माझं सगळं बघून झालं."

"सापडलं काही?"

"नाही ना. म्हणूनच."

पतसंस्थेत असं बोलणारी बरीच माणसं माझ्या बघण्यात होती. मी त्याला म्हटलं, "डबा उघड आणि खाता खाता सांग. सर्व्हर एखाद्या गावाला विचारतो, तेव्हा स्वतःजवळ काय ठेवतो?"

"एक चिठ्ठी ठेवतो. कुणाला विचारलं, कधी विचारलं, उत्तर आलं की काय करायचं. आणि त्या गावच्या सभासदांची यादी, म्हणजे उत्तर आल्याबरोबर नावं जुळवता येतात."

"पूर्ण यादी? प्रत्येक चिठ्ठीला?"

"कामाला वेग येतो."

"आणि उत्तर आलं की?"

"चिठ्ठी फाडतो. टेबल साफ."

"हे तर आमचं टोकन झालं," मी म्हणाले. "काउंटरवर माणूस आला की त्याला पितळी टोकन द्यायचं. काम झालं की टोकन परत घेऊन खिळ्याला अडकवायचं. संध्याकाळी खिळ्यावरची टोकनं मोजल्याशिवाय घरी जायचं नाही. सकाळी शंभर होती तर संध्याकाळी शंभर. नव्व्याण्णव भरली तर कुणाच्या तरी खिशात एक गेलंय."

"मग?"

"मग काय मग? तुझी टोकनं मोजलीस का?"

तो घास हातात धरून थांबला. "मी टेबल किती भरलंय ते मोजतोय."

"ते मोजून काय कळणार? टेबल भरलंय हे तर आंधळ्यालाही दिसतंय. दिली किती आणि परत आली किती, ते मोज. आणि गावावार मोज."

त्यानं डबा तसाच बंद केला. भेंडीची भाजी होती, मी नंतर बघितली. चार वाजता त्यानं मोजणी लावली आणि सहाला मला हाक मारली. दोन तासांत सर्व्हरनं दिलेली टोकनं चौऱ्याहत्तर हजार आठशे ऐंशी. परत आलेली एकोणसत्तर हजार आठशे दोन.

"पाच हजार अठ्ठ्याहत्तर कमी," मी म्हणाले.

"ताई, कॅल्क्युलेटर तरी काढायचा."

"आता गावं दाखव."

गावांची यादी वर सरकत गेली तसे आम्ही दोघं पडद्याकडं सरकत गेलो. दोनशे एकाहत्तर गावांचा हिशेब चोख होता. एकेचाळीस गावांतच सगळा घोळ, आणि सगळ्यात वर, दिलेल्या दोनशे चाळीसपैकी फक्त सव्वीस टोकनं परत केलेलं गाव: कासारखोल.

"कासारखोलला वीज नसेल," इंद्रजित म्हणाला.

"सव्वीसदा होती आणि दोनशे चौदादा नव्हती? असली कसली वीज?"

बुधवारी सकाळी दहाला, दूध आटोपल्यावर, मी कासारखोलच्या केंद्राला फोन लावला. सचिव सोनाबाई पोवार. ही बाई मला आवाजावरून माहीत होती, दोन वर्षांपूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं आमचं. कशावरून ते त्या क्षणी आठवलं नाही. इंद्रजित समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होता, त्याला पलीकडचं ऐकू येत नव्हतं.

"सोनाबाई, तुमचं यंत्र आत्ता चालू आहे का?"

"आत्ता कशाला चालू ठिवू? दूध झालं की."

"पण काल संध्याकाळी दूध होतं तेव्हाही मधूनमधून बंद होतं."

"व्हतं की. मीच करती बंद. माणूस आला, दूध घातलं, बटन चालू केलं. त्यो गेला, बटन बंद. म्होरला येईस्तवर फुकट कशाला वीज जाळायची? पंखाबी तसाच वापरती मी. संघानं सत्कार केलाय माझा."

"सत्कार?"

"अवो, दिवाळीच्या मीटिंगला. समद्यात कमी वीज वापरणारं केंद्र म्हणून. शाल, नारळ, चेअरमनच्या हातानं. तवापास्नं चाळीस गावच्या सचिवांनी माझ्याकडनं शिकून घेतलंय, कसं करायचं ते."

मी कागदावर 'दिवाळी' लिहिलं, खाली 'चाळीस', आणि त्यात सोनाबाईंचं एक मिळवून इंद्रजितपुढं सरकवलं. त्याचे डोळे मोठे झाले. सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला बंद यंत्रांना विचारत होता, उत्तर येत नव्हतं, आणि चिठ्ठ्या साठत होत्या, एकेका चिठ्ठीला गावभराची यादी बांधून.

"पण सोनाबाई," मी म्हणाले, "यंत्र बंद असलं की आमचा सर्व्हर बिचारा विचारत राहतो आणि वाट बघत बसतो."

"बसंना. तुमीच तर सांगितलंय."

"मी?"

"व्हय, तुमीच. इसरला व्हय? दोन वर्सामागं माझ्या अकरा लिटरचं भांडण झालं न्हवतं का? यंत्रानं उत्तर द्यायच्या आत मी बटन बंद केलं, मागनं चालू केल्यावर उत्तर गेलं, तर तुमच्या यंत्रानं घेतलं न्हाई. उशीर झाला म्हनं. मी तुमास्नी म्हनलं, आमी गरिबानं दूध घालायचं आन् तुमच्या यंत्राला थांबाया काय हुतंय? तवा तुमी म्हनाला, सोनाबाई, हितनं म्होरं उत्तर येईपर्यंत आमचं यंत्र वाट बघंल, कितीबी येळ लागू दे. माझा शब्द."

मी समोरच्या इंद्रजितकडं बघितलं आणि फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"शब्द दिला तुमी, म्हनून तर मी निवांत बटन बंद ठिवती. काय चुकलं व्हय माझं?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचं काहीच चुकलं नाही."

फोन ठेवला. इंद्रजितनं विचारलं, "काय म्हणाल्या शेवटी?"

"काही नाही. सत्काराचं सांगत होत्या."

तो उड्या मारतच जागेवर गेला आणि मी माझ्या तक्रारींचं जुनं खातं उघडलं. सापडायला वेळ लागला नाही, माझं सगळं तारीखवार असतं. माझ्याच हातचं वाक्य होतं: 'केंद्राचे उत्तर येईपर्यंत चिठ्ठी कोणत्याही परिस्थितीत फाडू नये.' 'कोणत्याही परिस्थितीत' या दोन शब्दांखाली मी रेघ मारली होती. त्याआधी इंद्रजितनं तीस सेकंदांची मुदत ठेवली होती. तीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर चिठ्ठी फाडायची. ती मुदत मी काढायला लावली होती. दोन वर्षं एकटं कासारखोलच चिठ्ठ्या साठवत होतं, आणि अधूनमधून सर्व्हर दुसऱ्या कामासाठी बंद व्हायचा तेव्हा त्या आपोआप जायच्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही. दिवाळीत संघानं सत्कार केला आणि त्याची एकेचाळीस गावं झाली.

"सापडलं!" इंद्रजित तिकडून ओरडला. "ताई, चिठ्ठी फाडायला मुदतच नाहीये! मी मुदतच घातली नाहीये! काय गाढव आहे मी! साहेब, सापडलं!"

लाटकरसाहेब बाहेर आले. सगळे गोळा झाले. इंद्रजित इतका आनंदात होता की स्वतःला गाढव म्हणताना टाळ्या वाजवत होता.

"काढा ताई वही," तो म्हणाला. "सातवा सत्कार. लिहा माझं नाव. घरात लग्नाचे लाडू वळून तयारच आहेत, चार लाडू मीही वळलेत, म्हणजे स्वतःच्या हातचे झाले. उद्या आणतो."

मी वही काढली. त्याचं पान उघडलं. पेन टेकवलं.

खरं तर त्यात कुणाचं काहीच जाणार नव्हतं. त्याच्या सहाचे सात झाले असते आणि तो ते पदक लावून लग्नाला गेला असता. सोनाबाई कासारखोलला, आणि जुन्या तक्रारी माझ्याशिवाय या ऑफिसात कुणी उघडत नव्हतं. माझं पान कोरं राहिलं असतं.

पण चौदा वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईच्या हातून एकाची नोंद दुसऱ्याच्या पानावर होत नाही. हात चालतच नाही. मी पेन उचललं.

"इंद्रजित, मुदत तू घातली होतीस. तीस सेकंदांची."

"हो? मग गेली कुठं?"

मी पडदा त्याच्याकडं फिरवला. त्यानं वाचलं. साहेबांनी त्याच्या खांद्यावरून वाचलं. मग साहेबांनी मोठ्यानं वाचलं, रेघेसकट: "'कोणत्याही परिस्थितीत', खाली रेघ."

इंद्रजित असा हसायला लागला की त्याला खुर्ची धरावी लागली.

"सात वर्षं! ताई, सात वर्षं ते कोरं पान आमच्या नाकापुढं नाचवलंत!"

"अजून निकाल लागलेला नाही," मी म्हणाले. "मागितलं मी, पण लिहिलं त्यानं. साहेब, तुम्हीच सांगा."

साहेबांनी हनुवटी खाजवली. इतका गंभीर चेहरा त्यांनी पगारवाढीच्या वेळीसुद्धा केला नव्हता. "इंद्रजितची चूक अशी की त्यानं तुमचं ऐकलं. आता ऐकणाऱ्याला शाल द्यायला लागलो, तर या ऑफिसात उद्या कोण कुणाचं ऐकेल?"

टाळ्या पडल्या.

इंद्रजित चिठ्ठीला पुन्हा तीस सेकंदांची मुदत घालायला बसला. मी त्याला थांबवलं.

"मुदत घाल. पण मी सोनाबाईंना शब्द दिलाय. उशिरा आलेलं उत्तर परत पाठवायचं नाही."

"ताई, चिठ्ठी फाडली तर उत्तर ओळखायचं कशावरून? आणि नाही फाडली तर सर्व्हर पडतो. दोन्ही कसं जमायचं?"

"आमच्याकडं एखादा माणूस टोकन खिशात घालून घरी गेला, तर आम्ही काय काउंटर उघडा ठेवून त्याची वाट बघत बसायचो का? टोकनाचा नंबर वहीत लिहायचा, तारीख टाकायची, काउंटर बंद. चार दिवसांनी माणूस आला, की वही काढायची, नंबर बघायचा, त्याचं काम करून द्यायचं. तू टेबलावरनं चिठ्ठी काढ. यादी काढ. फक्त नंबर वहीत ठेव. वहीला काय, कपाटात कितीही जागा आहे."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की केतकीनं बघितलं असतं तर तिनं मला लग्नाचं बोलावणं दिलंच नसतं. "हे दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. आणि मी रेघ मारण्यात गुंतले होते."

साडेबाराच्या आत त्यानं बदल करून सर्व्हर चालू केला. मेमरीचा आलेख, जो रोज डोंगर चढायचा, तो आडवा झाला. एक वाजता आडवा, तीनला आडवा. संध्याकाळच्या दुधाला किंचित उचलला आणि पुन्हा खाली बसला. गुरुवारी दुपारी बारा वाजता अख्खं ऑफिस त्या पडद्याभोवती उभं होतं. साडेबारा झाले. एक वाजला. काहीच झालं नाही, आणि काहीच न झाल्याबद्दल माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

लगेच माझा सत्कार झाला. शाल साहेबांनी घातली, नारळ इंद्रजितनं दिला. भाषणात मी सांगितलं की मी फक्त माणुसकी दाखवायला गेले होते, पण तिला मुदत घालायची राहिली. खाली बसताना कुणीतरी म्हणालं, "रेघ मारा त्याच्याखाली."

तेवढ्यात साहेबांना गॅलरीतून परत आल्यावर नवीन काळजी लागली. "इंद्रजितला मी शब्द दिलाय, फोन करणार नाही. पण उद्या बारा बत्तीसला कुणीतरी नजर ठेवायला हवी. पहिलाच मोकळा दिवस आहे."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. शाल अजून अंगावरच होती.

शुक्रवारी सांगलीच्या कार्यालयात मी पहिल्या रांगेत, खांबाला टेकून बसले होते, मांडीवर लॅपटॉप, वर झाकायला ती जांभळी शाल. केतकीनं येताना बघितलं, थांबली.

"ताई, लॅपटॉप?"

"मांडवाच्या जरा बाजूला," मी म्हणाले.

ती इतकी हसली की नथ सावरावी लागली. माझ्या शेजारी सोनाबाई होत्या, इंद्रजितनं स्वतः फोन करून बोलावलेल्या. त्यांनीही आपली सत्काराची शाल घातली होती. बसल्याबसल्या त्यांनी आमच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. "वारं हाय की चांगलं."

मंगलाष्टकं सुरू झाली. "काय बगतायसा त्यात?" सोनाबाईंनी विचारलं.

"तुमच्या उत्तराची वाट."

"आज कुठलं उत्तर? केंद्राला कुलूप लावून आलीया मी."

'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, सगळ्या मांडवाच्या अक्षता उडाल्या. बारा वाजल्यापासून त्या घटकेपर्यंत सर्व्हरनं दिलेली टोकनं एकोणीस हजार नऊशे अडुसष्ट. परत आलेली सतरा हजार तीनशे चव्वेचाळीस. वहीत उतरवलेली दोन हजार सहाशे चोवीस. टेबलावर शिल्लक, शून्य. मी दोनदा ताळा केला. मान वर केली तेव्हा दोघांच्या गळ्यात हार होते, अंतरपाट गुंडाळून झाला होता, आणि सोनाबाई डोळे पुसत म्हणत होत्या, "असं लगीन न्हाई बगितलं कधी."

तर इंद्रजितला आठ दिवस मिळाले, आणि साहेबांनी खरंच फोन केला नाही. चेअरमनचे फोन बंद झाल्यामुळं साहेबांचं गॅलरीतलं वजन थोडं उतरलं, पण झोप वाढली. सोनाबाई माझ्या शब्दाच्या बळावर आजही बटन बंद ठेवतात. राहता राहिलं सत्कारमूर्तीनं करून आणायचं. पुढच्या आठवड्यात मी सात माणसांच्या साठ सांज्याच्या पोळ्या लाटल्या, आणि वहीत माझ्या पानावर पहिली ओळ लिहिली. मांडवातल्या साडेतीनशे माणसांत दोघांनी हार कसे घातले हे न बघितलेली मी एकटी, एवढंच त्या ओळीत लिहायचं राहिलं.